पाऊस आणणारा वारा आणि समुद्राचा कोंडलेला श्वास

जुलै उजाडला की आमच्या भागात वर्तमानपत्र हातात येताच आधी एक छोटी चौकट शोधली जाते. घाटघरला चोवीस तासांत किती पाऊस झाला, रतनवाडीला किती, पांजऱ्याला किती, भंडारदरा धरणात नवे पाणी किती आले आणि एकूण साठा किती दशलक्ष घनफुटांवर गेला, एवढेच आकडे त्या चौकटीत असतात. पण संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतचा बागायतदार ते एखाद्या शेअर दलालाच्या काळजीने वाचतो. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ही सवय मात्र तशीच राहिली. माझ्या वडिलांना ती होती, मलाही आहे. ‘भंडारदरा भरले’ अशी ओळ छापून आली की वर्षाची निम्मी काळजी मिटते.

हा पाऊस नैर्ऋत्येचा वारा आणतो, हे शाळेत सगळेच शिकतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य आपल्याला तोंडपाठ असते. पण घाटघरच्या डोंगरावर वर्षाकाठी जवळपास पाच हजार मिलिमीटर पाऊस ओतणारा हा वारा ज्या समुद्रावरून आला, त्या समुद्राचे त्याने काय केले, हे आपण सहसा विचारत नाही.

त्याने तिथे बरेच काही केलेले असते. नेमक्या याच महिन्यांत केरळपासून कोकणापर्यंतच्या किनाऱ्यासमोर खोलवरचे थंड, प्राणवायू हरवलेले पाणी वर येत असते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू एक वायू तयार करत असतात. पृथ्वी तापवण्याच्या कामात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जबर आहे. भंडारदऱ्याच्या पावसाचा आणि समुद्राच्या या कोंडलेल्या श्वासाचा संबंध काय, आणि आपल्या शेताशी त्याचे नाते काय, हे आज जरा सविस्तर पाहू.

पाणलोटाची रेघ

भंडारदरा धरण प्रवरा नदीवर आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिराजवळून खाली येते आणि जलाशयाला मिळते. जवळच १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. इंग्रज सरकारने १९१० मध्ये सुरू केलेले धरणाचे काम १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले आणि अभियंता आर्थर हिल यांचे जलाशयाला. धरणाची उंची २७० फूट, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत ११ टीएमसी. इथून सुटलेले पाणी रंध्याच्या धबधब्यावरून आणि निळवंडे धरणातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. तिथून डावा आणि उजवा कालवा ते शेतांत पोहोचवतो. उरलेले प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, जायकवाडीच्या नाथसागरात विसावते आणि पुढे थेट आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात शिरते.

म्हणजे गंमत पाहा. पाणी अरबी समुद्राचे, पडते सह्याद्रीवर आणि परत जाते ते दुसऱ्याच समुद्राला. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिले की ही वाटणी डोळ्यांनी दिसते. पाठीमागे पडलेला थेंब प्रवरेचा. समोर कड्याखाली पडलेला थेंब ठाणे जिल्ह्यातून काही दिवसांत पुन्हा अरबी समुद्रात. मी या कड्यावर अनेकदा गेलो आहे. भर पावसात तिथे समोरचे काही दिसत नाही. फक्त खालून वर चढणारा वारा अंगावर येतो आणि छत्री उलटी करून टाकतो. या दोन थेंबांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; ती पुढे कामाला येणार आहे.

जलाशयातले थर

समुद्रात काय घडते ते समजण्यासाठी आधी जलाशयाकडे पाहणे सोपे. एका एप्रिलमध्ये शेंडी गावाच्या बाजूने मी नावेतून जलाशयात गेलो होतो. उन्हाचा तडाखा होता आणि माझ्याबरोबरच्या मुलांना पाण्यात उतरायची घाई झाली होती. वल्हे मारणाऱ्या वयस्कर माणसाला मी विचारले, “मामा, पाणी गार आहे का?”

“वरवर ऊन लागंल, भाऊ,” ते म्हणाले. “पन पाय खाली सोडला की कळंल. पुरुषभर खाली गारठा बसलाय. पोरास्नी काठालाच उतरवा.”

पोहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली ही गोष्ट आहे, आणि तिच्यात अर्धे जलशास्त्र आले. उन्हाने तापलेले पाणी हलके असते, ते वर राहते. थंड पाणी जड, ते खाली बसते. उन्हाळा वाढतो तसे हे दोन थर एकमेकांत मिसळेनासे होतात. वरचा थर खालच्यावर झाकणासारखा बसतो. हवेतला प्राणवायू वरच्या थरात विरघळतो, पण झाकणाखाली पोहोचत नाही. खाली मात्र मेलेली पाने, गाळ, शेवाळ कुजत असते, आणि कुजवणारे जिवाणू आहे तेवढा प्राणवायू संपवत जातात. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन जड झाले की ते खाली जाते, खालचे वर येते, आणि साऱ्या जलाशयाचा श्वास पुन्हा मोकळा होतो.

प्राणवायू संपला म्हणून जिवाणूंचे काम थांबत नाही. ते दुसऱ्या पदार्थांवर जगू लागतात. पाण्यात नायट्रेट असेल तर आधी ते वापरतात, मग सल्फेट, आणि काहीच उरले नाही की शेवटी मिथेन तयार होतो. गोड्या पाण्यात सल्फेट थोडेच असते, म्हणून धरणाच्या तळाशी मिथेनची पाळी लवकर येते. वस्तुमानाला वस्तुमान धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता अडवतो. धरणाची वीज धूर सोडत नाही हे खरे, पण धरणाचे पाणी श्वास सोडते, हे आता जगभर मान्य झाले आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा बारकाईने अभ्यास झाला तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरणात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या या संयुक्त प्रकल्पाच्या जलाशयावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात त्यांनी जे मांडले ते विलक्षण आहे. उन्हाळ्यात तिथल्या खालच्या थरात नायट्रेटसारखी नत्रयुक्त संयुगे जिवाणू प्रचंड वेगाने संपवतात आणि त्यांचा साधा, निरुपद्रवी नायट्रोजन करून टाकतात. आणि या कामाला बळ मिळते ते तळाच्या मिथेनकडून. एका दूषित गोष्टीने दुसरी खाल्ली, असाच हा प्रकार. समुद्राचे लोक धरणात काय शोधत होते, असा प्रश्न पडेल. ते शोधत होते समुद्रात पाहिलेल्या एका कोड्याचे उत्तर.

समुद्राचे तळपाणी

समुद्रातही थर असतात. वरचे कोमट, उजेडाचे पाणी. खाली थंड, अंधाराचे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू नावापुरताच असलेल्या पाण्याचा एक जाड पट्टा बाराही महिने असतो. जगातल्या अशा मोठ्या पट्ट्यांपैकी तो एक आहे. एरवी हे पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल राहते. पावसाळ्यात ते वर येते.

का येते, याचे मूळ उत्तर उत्तर ध्रुवाकडून आले. नॉर्वेचा संशोधक फ्रिड्ट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आपले जहाज बर्फात गोठवून घेऊन ध्रुवीय समुद्रात वाहत राहिला. त्याच्या ध्यानात आले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे सरकतो. त्यावरून स्वीडनच्या वाग्न एकमान याने १९०५ मध्ये गणित मांडले: पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी एकंदरीने वाऱ्याच्या उजव्या हाताला वळते. आता आपल्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्याचा उजवा हात म्हणजे पश्चिम, म्हणजे खुला समुद्र. वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, रिकामी झालेली जागा भरायला खालचे वर येते. शास्त्रज्ञ याला ‘अपवेलिंग’ म्हणतात. आपण तळपाणी वर येणे म्हणू. दूरवरून कन्याकुमारीला वळसा घालून येणाऱ्या समुद्री लहरीही याला हातभार लावतात. १९८७ च्या पावसाळ्यात सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किनाऱ्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजून हे चित्र स्पष्ट केले.

या तळपाण्याला वाईट म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वरून सतत खाली पडत राहिलेल्या जीवांचे खत त्यात साठलेले असते. शेतात शेणखत पडावे तसे ते उजेडाच्या पाण्यात मिसळते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर तारली आणि बांगडा. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया इथल्या समृद्ध मासेमारीमागे हेच कारण आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून कोळी बांधव समुद्रावर जातात. तेव्हा मिळणाऱ्या मासळीमागेही या उलथापालथीचा वाटा असतो.

पण जे पाणी खत आणते, तेच श्वास कोंडून येते. १९५९ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तु यांचा एक लेख आला होता, थेट मुंबईसमोरच्या समुद्राविषयी. किमान प्राणवायूचा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढून येतो आणि त्याचा मासळीवर परिणाम होतो, हे त्यात मांडले होते. त्याच वर्षी कोचीच्या बाजूला काम करणारे कार्ल बान्से यांनीही, तळपाणी वर आले की तळाशी ओढलेल्या जाळ्यांना मासे का मिळत नाहीत, याचा उलगडा केला. मासे मेलेले नसतात. जिथे श्वास घेता येत नाही तिथून ते उठून गेलेले असतात.

पावसाचे झाकण

आता कोकणकड्यावरच्या त्या दुसऱ्या थेंबाकडे येऊ. पेरू किंवा नामिबियाच्या किनाऱ्याला पाऊस जवळजवळ नाही. तिथे तळपाणी वर आले की वाऱ्यात घुसळते आणि त्याला हवा मिळते. आपल्याकडे मात्र त्याच वेळी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून नद्या भरभरून वाहत असतात. त्यांचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते किनाऱ्यालगत समुद्रावर पातळ थराने पसरते. गोव्यासमोर हा थर कधी कधी अवघा काही मीटर जाडीचा असतो. पण झाकण म्हणून तेवढा पुरतो. खालून प्राणवायूविना आलेले पाणी या झाकणाखाली अडकते. वरून शेवाळाचा, मेलेल्या जीवांचा पाऊस त्यावर चालूच असतो. उरलासुरला प्राणवायूही जिवाणू संपवून टाकतात.

म्हणजे एकाच वाऱ्याची दोन कामे. एका हाताने तो तळपाणी वर ओढतो आणि दुसऱ्या हाताने त्यावर पावसाचे झाकण घालतो. भंडारदऱ्याचा जलाशय ज्या महिन्यांत भरत असतो, त्याच महिन्यांत गोव्यासमोरचा समुद्र गुदमरत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हा कोंडमारा टोकाला जातो. पुढे वारा आणि प्रवाह फिरले की समुद्र पुन्हा मोकळा होतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरचे हे कमी प्राणवायूचे क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. किनारी समुद्रात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या अशा क्षेत्रांत ते जगात सर्वांत मोठे मानले गेले आहे.

जिवाणूंचा कारखाना

हे सगळे मोजून दाखवले ते दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, साठीच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. १९९७ पासून तिच्या शास्त्रज्ञांनी उत्तर गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यासमोर, साधारण २७ मीटर खोलीच्या एका ठिकाणी, वर्षभर वारंवार जाऊन पाणी तपासायचा नेम धरला. पर्यटक जिथे शेंगदाणे खात सूर्यास्त पाहतात, तिथून काही मैलांवर ही माणसे बाटल्या भरून पाणी आणत. पावसाळ्यात लहान होडीने तिथे जाणे म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

पुढे याच संस्थेचे संचालक झालेले सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. किनाऱ्यावरच्या या गुदमरलेल्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड हा वायू खुल्या किनारी समुद्रात तोपर्यंत नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणात सापडला होता. काही ठिकाणी नायट्रेट पार संपून सल्फेटची पाळी आली होती आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार झाला होता.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे दंतवैद्य भूल देण्यासाठी वापरतात तो ‘हसवणारा वायू’. त्याचा हवेतला प्रताप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो, शंभराहून अधिक वर्षे हवेत टिकतो, आणि वर जाऊन ओझोनच्या थरालाही खातो. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या एक अब्ज भागांत तो २७० भाग होता. आता ३३५ च्या वर गेला आहे.

जिवाणू तो मुद्दाम करत नाहीत. नायट्रेटपासून साध्या नायट्रोजनपर्यंत जाताना वाटेत तो तयार होतो. प्राणवायू पूर्ण संपलेला असेल तर जिवाणू सवडीने पुढची पायरीही उतरतात आणि शेवटी साधा नायट्रोजनच उरतो. पण प्राणवायू आहे-नाही अशा काठावरच्या पाण्यात, दिवसादिवसाला बदलणाऱ्या परिस्थितीत, ही शेवटची पायरी अर्धवट राहते आणि नायट्रस ऑक्साइड साठतो. उथळ किनारी समुद्रात अगदी असेच होते. वरचे झाकण अवघे काही मीटरचे, म्हणून वारा जोराचा सुटला की वायू हवेत निसटतो. खोल समुद्रात तयार झालेल्या वायूला एवढी सोपी वाट नसते.

कार्बन डायऑक्साइडचीही हीच तऱ्हा. खोल पाण्यात कुजण्यामुळे तो साठलेला असतो. ते वर आले की समुद्र हवेला वायू देतो, घेत नाही. १९९२ ते १९९७ या काळातल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत ‘सागर कन्या’ या आपल्या जहाजावरून झालेल्या मोजणीत हे दिसून आले. एरवी समुद्र म्हटला की कार्बन शोषून घेणारा, अशी आपली समजूत असते. जगाच्या बेरजेत ती खरी आहे. पण पावसाळ्यातला अरबी समुद्र या बेरजेतला खर्चाचा रकाना आहे.

गोणीपासून खाडीपर्यंत

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा तर निसर्गाचा खेळ. लाखो वर्षे चालत आलेला. त्यात आपला काय दोष? तळपाणी वर येणे हा खरोखरच निसर्गाचा खेळ आहे. पण नक्वी आणि सहकाऱ्यांनी त्या लेखात असेही सुचवले की अलीकडच्या काळात हा कोंडमारा तीव्र झाला असावा, आणि त्याचे संभाव्य कारण म्हणजे जमिनीवरून समुद्रात जाणारे वाढते नत्र. त्यावर मतभेद होऊ शकतात, कारण या समुद्रात एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. पण समुद्रात जाणारे नत्र कुठून येते, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. ते शेतातून, गटारांतून आणि धुरातून येते.

आमच्या प्रवरेच्या खोऱ्यात ही गोष्ट घराघरात आहे. भंडारदऱ्याच्या कालव्यांनी दुष्काळी पठाराचे रूप पालटले. याच पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पाणी आले तसा ऊस आला आणि उसापाठोपाठ खताची गोणी आली. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळे युरियातून द्यायचे तर ४५ किलोच्या १९ गोण्या होतात. यातले निम्म्याहून कमी नत्र पीक उचलते. उरलेले काही हवेत जाते, काही विहिरीत उतरते, काही ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते.

आमचा चुलतभाऊ आजही डाव्या कालव्यावर ऊस करतो. मी त्याला हे सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, “दादा, युरिया नाही टाकला तर ऊस पिवळा पडतो. तुमचा समुद्र येऊन माझा ऊस हिरवा करणार आहे का?” त्याचा सवाल चुकीचा नाही. आणि आमचा ऊस प्रवरेचा. त्याचे नत्र बंगालच्या उपसागराकडे जाणार, अरबी समुद्राकडे नाही. गोव्यासमोरच्या त्या पाण्याशी त्याचा थेट संबंध नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण हिशेब तिथे संपत नाही. गोदावरीच्या मुखाशी संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मोजणी केली. पुराच्या दिवसांत तिथले पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड धरून असते आणि तो हवेत सोडते, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले. दुसरे म्हणजे, नायट्रस ऑक्साइड व्हायला नत्राला समुद्रापर्यंत जावेच लागते असे नाही. पाणी तुंबलेल्या उसाच्या सरीत मातीतले जिवाणू हेच काम करतात. जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा की, टाकलेल्या १०० किलो नत्रामागे एक किलो नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते. युरियाच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र असते. त्यातून सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड तयार होतो, आणि तो उष्णता अडवण्यात सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. मी हे गणित चुलतभावासमोर वहीत मांडले. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे माझे पैसेच उडतात की.” शास्त्रज्ञांच्या शंभर पानांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले होते.

कोकणच्या बाजूला प्रश्न निराळा आहे. तिथे ऊस नाही. पण खाड्यांच्या काठी शहरे आहेत, कारखाने आहेत. मुंबई-ठाण्याचे सांडपाणी ज्या खाड्यांत मिळते त्यांचा श्वास बाराही महिने जड असतो, त्याला पावसाळ्याची गरज नाही. त्यातच समुद्राचे पाणी तापत चालले आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि वरच्या थराचे झाकण अधिक घट्ट बसते.

हातात काय आहे?

वारा आपल्या हातात नाही, आणि तळपाणी रोखणे शक्य झाले तरी तसे करू नये. त्यावरच तारली-बांगडा जगतो. हातात आहे ते नत्र. माती तपासून खत द्यावे, एकदम न देता तीन-चार हप्त्यांत विभागून द्यावे, शक्य तिथे ठिबकमधून पाण्याबरोबर मुळाशी द्यावे, हे राहुरीचे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्यात समुद्राचे नाव नसते, पण समुद्राचेही भले त्यातच आहे. २०१५ मध्ये देशातल्या उत्पादकांना सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन काढणे सक्तीचे झाले. या लेपामुळे नत्र सावकाश सुटते आणि वाया कमी जाते. मात्र अनुदानामुळे युरिया इतर खतांच्या मानाने फार स्वस्त आहे, आणि स्वस्त वस्तू हात सैल सोडून वापरली जाते, हे माणसाच्या स्वभावातच आहे. शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडावे, ही मागणी तर जुनीच.

यातली कोणतीही गोष्ट समुद्रासाठी म्हणून करावी लागत नाही. खताचे पैसे वाचतात, विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहते, खाडीत मासा परततो. हवेचे भले हा वरचा नफा.

माझ्या चुलतभावाने यंदा दोन एकरांत ठिबक केले आणि त्यातून खत सोडायला सुरुवात केली. त्याला समुद्राची काळजी लागली म्हणून नव्हे. गोण्या कमी लागतात म्हणून. मला त्यात काही गैर वाटत नाही. वारा येईल, पाऊस पाडील, खोलातले पाणी वर काढील आणि ऑक्टोबरात निघून जाईल; त्याला आपली परवानगी नको आहे. त्या पाण्यात आपण आणखी किती नत्र मिसळायचे, एवढेच ठरवायचे आपल्याकडे आहे, आणि ते शेतात गोणीचे तोंड उसवतानाच ठरते.